केसपेपरच्या खिडकीपुरतं कन्नड

वाचकाचं पत्र:

"मी मिरजेतल्या एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. वय ४३. आमच्याकडं निम्म्याहून जास्त पेशंट कर्नाटकातले असतात, कुडची, रायबाग, अथणी, जमखंडी असे. चार महिन्यांपूर्वी ठरवलं, कन्नड शिकायचंच. मोबाइलवर ॲप घेतलं, रात्री अर्धा तास व्हिडिओ बघते, वहीत पाचशेच्या वर शब्द उतरवलेत, मुळाक्षरंही गिरवतेय. पण समोर माणूस उभा राहिला की तोंडातून हिंदीच बाहेर पडतं. मागच्या आठवड्यात धीर करून एका आजोबांना 'बा, कूत्को' म्हणाले, तर त्यांच्यासोबतची माणसं खो खो हसली. तेव्हापासून तोंड उघडवत नाही. शाळेत इंग्रजीत कायम काठावर पास व्हायचे, म्हणजे भाषेचं डोकंच नसावं. सोबतची म्हणते, या वयात जीभ वळत नाही. क्लास लावू, की नाद सोडू?"

— एक वाचक, मिरज

ताई, नमस्कार.

नाद सोडू नका. क्लासचं शेवटी बोलू. आधी त्या आजोबांचं, कारण गाडी अडलीय ती तिथं.

'बा, कूत्को' हे कन्नड बरोबरच आहे, पण ते लहान मुलाशी बोलायचं कन्नड आहे. तुम्ही ज्या व्हिडिओतून ते उचललं, त्यात बहुधा आई पोराला बोलवत असणार. सत्तरीच्या माणसाला खिडकीतून 'ये रे, बस' असं मराठीत म्हटलं असतं, तरी रांगेत हशा पिकलाच असता. मोठ्यांना 'बर्री, कुंदर्री' म्हणायचं. या, बसा. उत्तर कर्नाटकात वाक्याच्या शेपटीला लागणारा हा 'री' फार कामाचा आहे. प्रश्नाला लावा, विनंतीला लावा, 'हो'ला लावा, 'नाही'ला लावा. मान राखला जातो. 'हौद्री' म्हणजे हो, 'इल्री' म्हणजे नाही. हा एक 'री' जिभेवर बसला की व्याकरणाच्या बाकी दहा चुका लोक पोटात घालतात.

म्हणजे हसू आलं ते एका अक्षरामुळं. पुढच्या वेळी कुणी हसलं, तर गप्प बसायच्या आधी एवढंच विचारा: 'हेंग हेळ्बेक्री?' कसं म्हणायचं? हे वाक्य आजच पाठ करा. हसणाराच मग शिकवायला लागतो आणि तुम्हाला नेमकं काय चुकलं ते कळतं. नवशिक्याला 'मला येत नाही' या वाक्याचा काही उपयोग नाही, त्यातून दुरुस्त करण्यासारखं काहीच हाती लागत नाही. 'मी री विसरले' या वाक्याचा उपयोग आहे.

आता वयाचं. लहानपणी शिकलं तर उच्चार अस्सल येतो, हे खरं. पण सुरुवातीच्या महिन्यांत मोठी माणसं शब्द आणि वाक्यरचना मुलांपेक्षा लवकर उचलतात, कारण त्यांच्याकडं एक भाषा आधीच पक्की असते. तुमच्या बाबतीत तर ती मराठी आहे आणि कन्नडचा सांगाडा मराठीच्या अगदी जवळचा आहे. 'ननग नीरु बेकु.' मला पाणी पाहिजे. शब्दाखाली शब्द ठेवून बघा: मला–ननग, पाणी–नीरु, पाहिजे–बेकु. क्रम तोच, आणि 'ला'चं काम शेवटचा 'ग' करतो. तुम्हाला म्हणजे 'निमग'. इंग्रजीत क्रियापद मध्ये येतं आणि शाळेत तिथंच ठेच लागायची. इथं ते मराठीसारखं शेवटी. शिवाय तो कागद, ती गोळी, ते औषध ही आपली डोकेदुखी कन्नडमध्ये नाही, निर्जीव वस्तू सगळ्या एकाच लिंगात. त्यामुळं शाळेतल्या इंग्रजीच्या मार्कांवरून कन्नडचा अंदाज बांधू नका.

मग चार महिन्यांत बोलणं का आलं नाही? पाचशे शब्दांची ती वही उघडून बघा. फळं, रंग, प्राणी, नातेवाईक, आठवड्याचे वार. ॲप अशाच याद्या देतात, कारण त्या सगळ्या गिऱ्हाइकांना चालतात. तुमच्या खिडकीवर हत्ती आणि अननस कधी येणार? दुसरं म्हणजे हे शब्द तुम्ही कन्नडकडून मराठीकडं पाठ केलेत. शब्द दिसला की अर्थ आठवतो. बोलताना मात्र उलटा प्रवास करावा लागतो, प्रसंग समोर असतो आणि शब्द शोधायचा असतो. ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याचा कितीही सराव केला तरी दुसरं आपोआप येत नाही.

म्हणून 'कन्नड शिकायचंय' हे वाक्य तूर्त बाजूला ठेवा. त्याला काठच नाही, रोज रात्री झोपताना कमीच वाटणार. 'केसपेपरच्या खिडकीवर लागणारं कन्नड शिकायचंय' म्हणा. त्याला काठ आहे. सहा प्रश्न, त्यांची उत्तरं, आणि अडलं की सुटायची तीन वाक्यं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, पुस्तकात ती सहसा सांगत नाहीत. प्रश्न विचारणं सोपं असतं, उत्तर समजणं अवघड. तुम्ही छान उच्चारात 'काय झालंय?' विचारलंत, की समोरचा म्हणणार, बाईंना येतं कन्नड! आणि परवा रात्रीपासूनची सगळी हकीकत एका दमात सांगणार. तुम्ही तिथंच बुडालात. नवशिक्याने प्रश्न असे निवडायचे, की उत्तर एका शब्दात, आकड्यात, किंवा हो-नाहीत संपेल.

'हेसरेन्री?' नाव काय. उत्तर नावच येणार. 'याव ऊर्री?' गाव कोणतं. गावांची नावं तुम्हाला अशीही पाठ आहेत. 'वयस्सेष्ट्री?' वय किती, उत्तर आकडा. 'मोदल बंदिद्रेन्री?' आधी आला होता का, उत्तर 'हौद्री' किंवा 'इल्री'. 'आधार कार्ड ऐतेन्री?' आहे का. असेल तर तो पिशवीत हात घालतोच, ऐकायचीही गरज नाही. सहावा, 'एष्ट दिन आत्री?' किती दिवस झाले. याचं उत्तर आकड्यात येतं, पण एक सापळा आहे: कन्नडमध्ये 'वार' म्हणजे आठवडा. 'एरड वार' म्हणजे दोन आठवडे. आपल्या कानाला ते सोमवार-मंगळवार वाटतं आणि कागदावर भलतंच चढतं. महिना म्हणजे 'तिंगळ', काल म्हणजे 'निन्ने'.

सुटायची तीन वाक्यं: 'ननग कन्नड स्वल्प बरतैति' (मला थोडंच येतं), 'सावकाश हेळ्री' (हळू सांगा), 'इन्नोम्मे हेळ्री' (पुन्हा एकदा सांगा). पहिल्या दिवशी ही तीन घ्या, प्रश्न नंतर. समजलं नाही तर काय करायचं हे ठरलेलं असलं, की न समजण्याची भीती अर्धी होते. सुरुवातीला दहातली सात उत्तरं डोक्यावरून जाणार हे धरूनच चला. ती जाणारच, आणि तुमच्याजवळ 'इन्नोम्मे' आहे.

आकड्यांना मात्र वेळ द्या, तुमच्या कामात ते सगळीकडं आहेत. चांगली बातमी अशी, की मराठीत एकवीस, बत्तीस, सत्तेचाळीस सगळे वेगवेगळे घोकावे लागतात, तसं इथं नाही. कन्नडमध्ये आधी दहाचा आकडा, मग सुटा. वीस 'इप्पत्तु', एक 'ओंदु', एकवीस 'इप्पत्तोंदु'. चाळीस 'नलवत्तु', सात 'एळु', सत्तेचाळीस 'नलवत्तेळु'. एक ते दहा, अकरा ते एकोणीस आणि दहांचे आकडे एवढे आले की नव्याण्णवपर्यंत रस्ता मोकळा. घोळ होतो तो दोनच ठिकाणी. वीस 'इप्पत्तु' आणि सत्तर 'एप्पत्तु', फक्त पहिल्या स्वराचा फरक. आणि नऊ 'ओंबत्तु', ऐंशी 'एंबत्तु', नव्वद 'तोंबत्तु', हे तिघे भाऊ. समोर म्हातारी उभी असेल तर वय वीस नाही हे दिसतंच, पण पैशाच्या व्यवहारात वीस-सत्तर चुकलं की भांडण. ऐकलेला आकडा लिहायच्या आधी मोठ्यानं परत म्हणा. समोरचा मान हलवेल किंवा दुरुस्त करेल. दोन सेकंदांचं काम आहे.

तुमच्या निराशेचं आणखी एक कारण आहे, त्यात तुमचा काहीच दोष नाही. ॲपमधलं कन्नड बेंगळुरूकडचं किंवा पुस्तकी असतं. 'आहे' म्हणायला ते 'इदे' शिकवतं. बेळगाव-बागलकोटकडचा पेशंट 'ऐति' म्हणतो आणि विजयापूर-कलबुर्गीकडचा 'अद'. ॲपमध्ये दुखणं म्हणजे 'नोवु', खिडकीवर ऐकू येतं 'ब्यानी'. डोकं 'तले'चं 'तलि' होतं, पोट 'होट्टे'चं 'होट्टि'. चार महिने जे ऐकलं त्यातलं समोर काहीच ऐकू येईना, म्हणून तुम्ही स्वतःच्या कानांवर संशय घेतलात. कान ठीक आहेत. बोलायला एकच धरा, 'ऐति'वालं, कारण तुमचे बहुतेक पेशंट त्या बाजूचे. ऐकायला तिन्ही ओळखीचे करून ठेवा.

उच्चारात मराठी माणूस दोन जागी हमखास घसरतो. एक, जोडाक्षराचा जोर. 'कते' म्हणजे गोष्ट, 'कत्ते' म्हणजे गाढव. दोन, 'ए' आणि 'ओ' यांचे ऱ्हस्व-दीर्घ. मराठीत 'ओ' एकच, कन्नडमध्ये आखूड आणि लांब असे दोन, आणि त्यांनी अर्थ बदलतो. आखूड 'ओ'चं 'कोडु' म्हणजे दे. तेच लांबवलंत तर शिंग. चिठ्ठी द्या म्हणताना 'कोड्री' तोडून म्हणायचं. देवनागरीत लिहिताना हा फरक दिसत नाही, म्हणून वहीत लांब स्वराखाली एक रेघ मारत चला. बाकीच्या उच्चारांची आत्ता काळजी करू नका. तुमचं कन्नड मराठी वळणाचंच येईल आणि सीमेवरच्या माणसाला त्याची सवय आहे.

सरावाचं गणित असं ठेवा. रोज वीस मिनिटं, पण एका बैठकीत नाही. सकाळी सात-आठ, दुपारी सात-आठ, रात्री पाच. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीच्या तासांत झपाट्यानं विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी लवकर आणि थोडी थोडी लागते. मिठाईचा रिकामा खोका घ्या, पुठ्ठ्याने पाच कप्पे करा. पोस्टकार्डाचे चार तुकडे केले तर त्या आकाराच्या चिठ्ठ्या कापा. चिठ्ठीच्या एका बाजूला मराठीत प्रसंग लिहा, शब्दार्थ नको. 'आजीबाई उभ्या आहेत, बसवायचंय.' मागं 'बर्री, कुंदर्री'. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरा दिवसांनी. प्रसंग वाचायचा आणि वाक्य मोठ्यानं म्हणायचं. तीन सेकंदांत तोंडातून आलं तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, अडखळलं तर परत पहिल्यात. मनातल्या मनात म्हटलेलं धरायचं नाही. इथंच सगळे स्वतःला फसवतात.

नव्या चिठ्ठ्या आठवड्याला पाच, जास्त नाहीत. हुरूप आला की पहिल्या रविवारी चाळीस चिठ्ठ्या होतात, दहाव्या दिवशी पहिला कप्पा फुगतो आणि खोका कपाटावर जातो. पाचने सहा आठवड्यांत तीस वाक्यं होतात. तुमच्या खिडकीला तीस भरपूर झाली.

दुपारच्या वेळेत ऐकायचं. त्यासाठी व्हिडिओ नकोत. तुमच्याकडं जतच्या पूर्व भागातलं, घरी कन्नड बोलणारं कुणी ना कुणी कामाला असेलच. मावशी, वॉर्डबॉय, सिस्टर. त्यांना सांगा, हे सहा प्रश्न आणि प्रत्येकाची पाच-पाच वेगवेगळी उत्तरं मोबाइलवर बोलून द्या, घरी बोलता तशीच, मला समजावं म्हणून सोपी करू नका. तीस उत्तरं, पाच मिनिटांची फीत. जमलं तर दुसऱ्या आवाजात आणखी एक, शक्यतो वयस्कर माणसाच्या. रोज ऐका आणि उत्तरातला फक्त आकडा, गाव किंवा हो-नाही पकडा. बाकीचं वाहून जाऊ द्या.

त्याच माणसाला दुरुस्तीचं काम द्या, पण अट घालून: एका दिवसात एकच चूक सांगायची, तीही गर्दी ओसरल्यावर. प्रत्येक शब्दाला टोकणारा शिक्षक कितीही प्रेमळ असला तरी चार दिवसांत तोंड बंद करतो.

हिंदी का येतं, तेही सांगतो. 'मराठी सोडून दुसरं' असा डोक्यात एकच रस्ता आजवर मळलेला आहे आणि तो हिंदीचा आहे. नवी भाषा शिकणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. त्याच्याशी कुस्ती खेळत बसू नका. पहिला शब्द तेवढा पक्का करा. कुणीही खिडकीशी आला की 'बर्री'. पहिला शब्द कन्नड निघाला की पुढचं वाक्य कन्नड निघायची शक्यता बरीच वाढते.

आणि अपमान वाटून घेऊ नये अशी एक गोष्ट होणार आहे. तुम्ही कन्नडमध्ये विचाराल आणि पेशंट मराठीत उत्तर देईल. कागवाड, अथणीकडच्या पुष्कळांना मराठी चांगलं येतं, त्यांना वाटतं बाईंचे हाल कशाला. तरीही तुमचे पहिले तीन प्रश्न कन्नडमध्येच पुरे करा, मग खुशाल मराठीवर या. मात्र सोमवारी सकाळी रांग दारापर्यंत गेलेली असताना सराव नको. घाई असली की चुका वाढतात, रांगेतले वैतागतात आणि तुमच्या मनात कन्नड म्हणजे ताण असं समीकरण बसतं. दुपारी एक ते तीनची सुस्त वेळ त्यासाठी ठेवा.

प्रगती मोजायची तर शब्द मोजू नका. कॅलेंडरवर रोज एक आकडा टाका: आज किती केसपेपरवर नाव, गाव आणि वय ही तिन्ही कन्नडमध्ये विचारून लिहिली. पहिल्या आठवड्यात शून्य, एक, शून्य, दोन असंच दिसेल. महिन्याने हा आकडा वाढलेला नसेल तर बहुधा चिठ्ठ्या मनात म्हटल्या जातायत, नाहीतर प्रश्न फार लांब झालेत. या दोन्हींपैकी काय ते तपासा. डोक्याला दोष द्यायच्या आधी.

एका बाबतीत मात्र हात आखडता घ्या. औषधाचा डोस, कशाची ॲलर्जी आहे का, गरोदरपण, ऑपरेशनची संमती; इथं नवशिक्याचं कन्नड चालवायचं नाही. 'स्वल्प बरतैति' म्हणून सरळ कन्नड येणाऱ्या सिस्टरला हाक मारा. तिथं अर्धवट समजलेलं हे न समजलेल्यापेक्षा धोक्याचं, कारण तुम्ही दोघंही समजलं असं धरून पुढं जाता.

मुळाक्षरं गिरवणं दोन महिने थांबवा. कन्नडची ४९ अक्षरं अवघड नाहीत, क्रम आपलाच आहे, पण तुमच्या खिडकीवर कुणी कन्नड वाचायला देत नाही आणि गिरवण्यात गेलेली पंधरा मिनिटं बोलण्यातून जातात. गिरवताना अभ्यास झाल्यासारखं वाटतं आणि कुणी हसतही नाही, म्हणून माणूस तिथंच रमतो. तीस वाक्यं झाली की जरूर परत या. तोवर त्या लिपीची खरी गरजही लागलेली असेल, कारण आखूड आणि लांब 'ओ'ला तिथं वेगळी अक्षरं आहेत, वहीतल्या रेघा मारायचा त्रास संपतो. सराव फुकटात होतो: मिरजेहून बेळगावच्या गाडीत बसलात, तर हद्द ओलांडल्यावर उगार, कुडची, रायबाग, घटप्रभा या स्टेशनांच्या पाट्या कन्नड, हिंदी आणि इंग्रजी तिन्हींत आहेत. आधी कन्नड ओळ वाचायचा प्रयत्न करायचा, मग हिंदी ओळीवर नजर टाकून ताडून बघायचं.

आता क्लास. या तीस वाक्यांआधी लावू नका, कारण बहुतेक क्लास पहिल्या दिवशी मुळाक्षरांपासून सुरू होतात आणि तुम्ही आहात तिथंच परत जाल. नंतर लावायचा झाला तर फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. शिकवणाऱ्यांचं बोलणं कुठलं आहे, बेळगाव-विजयापूरचं की म्हैसूर-बेंगळुरूचं? तासभरात प्रत्येकाला स्वतः बोलायला किती मिनिटं मिळतात? आणि दवाखान्यातले प्रसंग तुम्ही नेऊन दिलेत, तर ते घेतील का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दहा मिनिटांपेक्षा कमी असं आलं, तर ते पैसे जतकडच्या त्या मावशींना द्या आणि आठवड्यातून दोनदा अर्धा तास त्यांच्याशी बोला.